रात्रीही डोळ्यातच राहणारी लेन्स

माझ्या भाचीला सहावीत चष्मा लागला. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून बाईंनी पहिल्या बाकावर बसवले, तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात आले. आपाने तिला खामगावला नेऊन डोळे तपासून आणले. कॉलेजात जाईपर्यंत नंबर उणे साडेपाचवर गेला. चष्मा काढला की हातभर अंतरावरचा चेहराही तिला धूसर दिसतो.

तिच्यासाठी मलकापूरचे स्थळ आले तेव्हा आपाने मला विचारले, "चष्म्याचं सांगून टाकायचं का गं?" मी म्हणाले, "लेन्स लावते ना ती? मग कशाला आपण होऊन विषय काढायचा!" हे माझे शब्द आहेत. पुढे या लेखात डोळ्यांविषयी जी माहिती लिहिली आहे ती नंतर डॉक्टरांना विचारून आणि वाचून जमवली. पण सुरुवात माझ्या या शहाणपणापासून झाली, म्हणून तेच आधी लिहिते.

पाहायला आले त्या दिवशी तिने लेन्स लावली होती. मंगनीला लावली, निकाहला लावली. सासरी गेली तर घर पाहुण्यांनी भरलेले. आरसा असलेले बेसिन एकच, तेही सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. लेन्स काढायची तर डबी हवी, बाटली हवी, पाच मिनिटे एकांत हवा आणि काढल्यावर चष्मा लावावा लागणार. चष्म्याचे तर आपण कुणाला सांगितलेलेच नाही! म्हणून तिने लेन्स काढलीच नाही. खोक्यावर 'मंथली' लिहिलेले होते. महिनाभर चालणारी लेन्स महिनाभर डोळ्यात ठेवायला हरकत नसावी, असा तिने अर्थ घेतला. अकरा रात्री ती लेन्स लावूनच झोपली.

बाराव्या दिवशी जळगावला माहेरी आली तेव्हा उजवा डोळा लाल होता. लग्नाची दगदग, जाग्रण, एप्रिलचे ऊन, असे आम्ही सगळ्यांनीच म्हटले. मेडिकलमधून थेंब आणले. थेंबांनी लाली जराशी उतरली, म्हणून आणखी दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी फजरला उठली तर डोळा उघडवेना, उजेड सहन होईना. आपाने टॉर्च लावून पाहिले. काळ्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता.

'मंथली'चा अर्थ

ही चूक माझ्या भाचीने एकटीने केलेली नाही. नंतर मी ओळखीच्या ज्या ज्या लेन्सवाल्या मुलींना विचारले, त्यांतल्या कितीतरी जणींनी 'मंथली'चा हाच अर्थ सांगितला. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

लेन्सच्या बाबतीत दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात. एक म्हणजे लेन्स किती दिवसांनी फेकायची. रोज फेकायची, पंधरा दिवसांनी फेकायची, महिन्याने फेकायची. 'मंथली' हा शब्द एवढेच सांगतो. दुसरी गोष्ट म्हणजे ती लावून झोपायची परवानगी आहे की नाही. 'डेली वेअर' म्हणजे सकाळी लावायची आणि झोपण्याआधी काढायची. 'एक्स्टेंडेड वेअर' म्हणजे ठरावीक रात्री ती डोळ्यात ठेवून झोपता येते. 'मंथली' लेन्स 'डेली वेअर' असू शकते, आणि पुष्कळदा असतेच. माझ्या भाचीची तशीच होती.

'एक्स्टेंडेड वेअर'मध्येही सगळ्या लेन्स सारख्या नाहीत. अमेरिकेत ज्या लेन्सना अशी परवानगी आहे, त्यांतल्या बहुतेकींना ती सलग सहा रात्रींची आहे. सातव्या रात्री डोळा मोकळा ठेवायचा. बायोफिनिटी आणि ॲक्युव्ह्यू ओअॅसिस ही त्यातली माहितीची नावे. ओअॅसिस फक्त दिवसा वापरली तर दोन आठवड्यांनी बदलतात, पण ती लावून झोपत असाल तर आठवड्याच्या शेवटी फेकायची. तीस रात्रींची परवानगी मोजक्याच लेन्सना आहे. आणि ही परवानगी लेन्सला मिळालेली असते. तुमच्या डोळ्याला ती सोसेल की नाही हे डोळा तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. नंबर सांगून मागवलेल्या लेन्सच्या खोक्यावर काहीही छापलेले असो, त्या खोक्याने तुमचा डोळा पाहिलेला नसतो.

डोळा श्वास कुठून घेतो

डॉक्टर मॅडमनी मला एक गोष्ट सांगितली ती आधी ठाऊक असती, तर मी स्वतःच भाचीची लेन्स काढायला लावली असती. बुबुळावर काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, ज्याला कॉर्निया म्हणतात, तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा आहे आणि त्यात एकही रक्तवाहिनी नाही. रक्तवाहिन्या असत्या तर तो पारदर्शक राहिलाच नसता. सुब्हानल्लाह! मग त्याला प्राणवायू कुठून मिळतो? थेट हवेतून, अश्रूंच्या पातळ थरामधून. आपण झोपलो की पापण्या मिटतात आणि हवा बंद होते. तेव्हा पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांकडून जे मिळेल त्यावर कॉर्नियाला भागवावे लागते. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, मिटलेल्या पापणीखाली तो साधारण ८ टक्क्यांवर येतो. त्यामुळे निरोगी माणसाचा कॉर्नियाही रात्री तीन-चार टक्के सुजतो आणि सकाळी डोळे उघडल्यावर तासा-दोन तासांत पूर्ववत होतो.

आता या मिटलेल्या पापणीखाली आणखी एक प्लास्टिकचा पडदा आहे असे समजा. साध्या लेन्समधून प्राणवायू कमी जातो. सूज वाढते, वरची कातडी नाजूक होते. शिवाय झोपेत पापण्यांची उघडझाप नसते, त्यामुळे लेन्सखालचे अश्रू बदलत नाहीत. तिथेच साचून राहतात. दिवसभरात लेन्सला चिकटलेल्या जंतूंना रात्रभर ऊबदार, ओली जागा मिळते. नाजूक झालेल्या कातडीला कुठे बारीकसा ओरखडा असला की त्यांना आत शिरायला वाट मिळते. यातला सगळ्यांत वाईट जंतू स्यूडोमोनास नावाचा. पाण्यात, ओलसर जागी तो सर्रास असतो आणि एकदा कॉर्नियात शिरला की एक-दोन दिवसांत खोल जखम करतो.

भाचीच्या डोळ्यातून, तिच्या लेन्सवरून आणि डबीतून घेतलेल्या नमुन्यांत तोच सापडला.

मग अशी लेन्स कुणी काढली आणि कशासाठी, असा प्रश्न मलाही पडला. मऊ लेन्सची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९६१ मध्ये प्राग शहरात ओटो विख्टर्ले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मुलांच्या जोडाजोडीच्या खेळण्याचे भाग वापरून घरीच एक यंत्र बनवले आणि त्यावर पहिल्या मऊ लेन्स फिरवून काढल्या. झोपेत ठेवायच्या लेन्सची निकड मात्र तरुणींना नव्हती, म्हाताऱ्या माणसांना होती. आपल्या आजी-आजोबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आठवा. त्या काळी डोळ्यात भिंग बसवत नसत. ऑपरेशननंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळायचा. अशा माणसांना लेन्सने स्पष्ट दिसायचे, पण थरथरत्या हातांनी रोज लावणार कोण आणि काढणार कोण? म्हणून १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये जॉन डी कार्ल यांनी खूप पाणी धरणारी, दिवसरात्र डोळ्यात राहणारी लेन्स तयार केली. गरज खरी होती. पुढे १९८१ मध्ये अमेरिकेने नुसता नंबर असलेल्या निरोगी लोकांनाही तीस दिवसांपर्यंत अशी लेन्स लावायला परवानगी दिली आणि सोयीचे दार उघडले.

आठ वर्षांत हिशेब समोर आला. १९८९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, फक्त दिवसा मऊ लेन्स लावणाऱ्या दहा हजार लोकांमागे वर्षाला सुमारे ४ जणांच्या कॉर्नियाला जखम होत होती. लावून झोपणाऱ्यांमध्ये हा आकडा सुमारे २१ होता. त्याच वर्षी तीस दिवसांची मुदत सात दिवसांवर आणली गेली. त्यानंतर सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स आल्या. यातून प्राणवायू पूर्वीपेक्षा कितीतरी पट जास्त जातो. सगळ्यांना वाटले, प्रश्न मिटला. २००१ मध्ये अमेरिकेत पुन्हा तीस रात्रींच्या लेन्स बाजारात आल्या. सूज खरोखर कमी झाली, डोळे लाल होणेही कमी झाले. पण २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात या नव्या लेन्स लावून झोपणाऱ्यांमध्ये जंतुसंसर्गाचे प्रमाण दहा हजारांमागे २५ च्या आसपास निघाले, आणि फक्त दिवसा मऊ लेन्स लावणाऱ्यांमध्ये २ च्या आसपास. म्हणजे प्राणवायूचा प्रश्न सुटला, जंतूंचा सुटला नाही.

दहा हजारांत पंचवीस म्हणजे काय मोठे, असे कुणी म्हणेल. वर्षाला चारशेत एक. त्यातल्याही बहुतेकांचे डोळे उपचाराने बरे होतात. डॉक्टर जवळ असेल आणि माणूस त्याच दिवशी पोहोचला तर! आपल्याकडे माणूस आधी मेडिकलमध्ये जातो, मग शेजारणीला विचारतो, मग बाजाराच्या दिवसाची वाट पाहतो. तो चारशेतला एक आपल्या गावात असला तर त्याची गत वेगळी होते.

पाक पाणी

आता आपल्या घरांतला खास प्रश्न. वुजू करताना लेन्स काढावी लागते का? नाही. वुजूत चेहरा धुणे फर्ज आहे, डोळ्याच्या आतला भाग धुणे नाही, गुस्लमध्येही नाही. त्यामुळे लेन्स असताना वुजू आणि गुस्ल दोन्ही होतात, असे उलमा सांगतात. तरीही मनात शंका असेल तर आपल्या मस्जिदीतल्या मौलानासाहेबांना विचारून घ्यावे.

पण डोळ्याच्या बाजूने दुसरा एक मुद्दा आहे, तो मौलाना सांगणार नाहीत. पाणी पाक असणे आणि निर्जंतुक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नळाच्या, बोअरच्या, विहिरीच्या, हौदाच्या पाण्याने वुजू बिनदिक्कत होतो, पण त्यात ॲकँथमीबा नावाचा अतिसूक्ष्म जीव असू शकतो. तो स्वतःभोवती कवच करून बसतो आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनलाही दाद देत नाही. पोटात गेला तर सहसा काही होत नाही. लेन्सखाली अडकला तर मात्र महिनोन्महिने उपचार करावे लागतील असा चिवट आजार होतो, वेदना तर विचारू नका.

आपला भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यातल्या बोअरच्या पाण्याची चव आपल्याला सांगायला नको. नळ येईल तेव्हा भरून ठेवायचे, टाकीत साठवायचे, रांजणात साठवायचे, ही आपली सवय. साठवलेले पाणी जितके जुने, तितके जंतूंना सोयीचे. म्हणून दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्या लेन्सवाल्या माणसाने चेहऱ्यावर पाणी घेताना डोळे अलगद मिटावेत, नंतर स्वच्छ कपड्याने पापण्या टिपाव्यात आणि ओल्या बोटांनी डोळा चोळू नये. आंघोळ शक्यतो लेन्स लावण्याआधी उरकावी. लेन्स किंवा तिची डबी पाण्याने कधीही धुऊ नये, उकळलेल्या पाण्यानेही नाही. आबे-जमजमबद्दल आपल्या मनात कितीही अकीदत असली, तरी लेन्स असलेल्या डोळ्यात कुठलेच पाणी घालायचे नाही. गुलाबजल नाही, मध नाही. सुरमा तर मुळीच नाही. त्याची बारीक पूड लेन्सखाली जाऊन काचेच्या चुऱ्यासारखी घासते, आणि बाजारातल्या कित्येक सुरम्यांत शिसे असते ते वेगळेच.

रमजानमध्ये एक सवय लागते. तरावीहनंतर लेन्स डोळ्यातच ठेवून दोन-तीन तास पडायचे आणि सहरीला उठायचे. किंवा जोहरनंतर दुपारी डुलकी काढायची. "एवढ्याशा झोपेने काय होतंय?" असे वाटते. डोळ्याला रात्र आणि दुपार कळत नाही. पापण्या मिटल्या की हवा बंद. रोज्यात डोळे कोरडे पडले तर लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब टाकता येतात. डोळ्यात थेंब टाकल्याने रोजा तुटत नाही असेच बहुतेक उलमांचे मत आहे, आणि आपल्या हनफी मसलकातही तेच सांगितले जाते.

हज-उमराहला जाणाऱ्यांपैकी काही जण खास म्हणून रात्रीची लेन्स मागतात. मिनात तंबूत झोपायचे, मुजदलिफात उघड्यावर रात्र काढायची, हात धुवायला जागा कुठे शोधायची, हा त्यांचा विचार असतो. मला वाटते, जिथे हात धुवायची सोय नाही, धूळ आहे आणि लाखोंची गर्दी आहे, तिथेच लेन्स सगळ्यांत गैरसोयीची. एहराममध्ये चष्मा लावायला मनाई नाही. हजला दोन चष्मे न्यावेत, दोरी लावून.

तरीही ज्यांना गरज आहे

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग अशी लेन्स बंदच का करत नाहीत? कारण काहींना ती खरोखर लागते. मोतीबिंदू काढलेल्या तान्ह्या बाळाला डोळ्यात भिंग बसवता येत नाही तेव्हा आई दिवसातून दोनदा त्याचा डोळा उघडत बसू शकत नाही. कॉर्नियाला खरचटल्यावर डॉक्टर स्वतःच मलमपट्टीसारखी लेन्स काही दिवस ठेवतात, ती रात्रीही असते. पण तेव्हा सोबत औषध चालू असते आणि तपासणी ठरलेली असते. रात्रपाळीची नर्स आहे, तान्हे बाळ रात्रीतून चार वेळा उठवते अशी उणे आठ नंबरची आई आहे. अशांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती घ्यावी. पण घ्यायची तर रीतसर.

रीत अशी. आधी डोळे आणि पापण्या तपासून घ्यायच्या. मधुमेह असेल, डोळे मुळात कोरडे असतील, पापण्यांच्या कडांना कोंडा असेल तर ते आधी सांगायचे. घरात विडी-सिगारेट ओढणारा लेन्सवाला असेल तर त्याने एकातरी गोष्टीचा नाद सोडावा, कारण धूम्रपानाने संसर्गाचा धोका वाढतो. सुरुवातीला दोन-तीन आठवडे लेन्स फक्त दिवसा लावायची. डोळ्याने ती मानली की पहिली रात्र, आणि त्या रात्रीनंतरच्या सकाळी लेन्स डोळ्यात असतानाच डॉक्टरांना दाखवायचे. ही सकाळची भेट लोक टाळतात, पण सूज सकाळीच दिसते, दुपारपर्यंत ती उतरून जाते. मग आठवड्याने, महिन्याने आणि पुढे दर काही महिन्यांनी. ज्या रात्री सर्दी-ताप असेल त्या रात्री लेन्स नाही. सलग सहा रात्री झाल्या की एक रात्र सुट्टी.

सकाळी उठल्यावर लेन्स कधीकधी डोळ्याला चिकटलेली असते. ती ओढायची नाही. ओढली तर नाजूक कातडी सोबत येते. ओलाव्याचे दोन-तीन थेंब टाकायचे, पाच-दहा मिनिटे पापण्या मिचकावायच्या, लेन्स सरकू लागली की मगच काढायची. नंतर आरशात पाहून स्वतःला विचारायचे: दोन्ही डोळे पांढरेशुभ्र दिसतात का, काही टोचत नाही ना, एकेक डोळा झाकून पाहिले तर नेहमीसारखे दिसते ना? तिन्हींपैकी एकाचे जरी उत्तर बिघडले तरी त्या दिवशी चष्मा.

हाताळणीत आपल्या स्वयंपाकघराचे दोन शत्रू आहेत. पहिली मिरची. ठेचा केलेल्या किंवा हिरवी मिरची चिरलेल्या हातांवरचा तिखटपणा साबणानेही लगेच जात नाही, आणि तो लेन्सने शोषला की डोळा दिवसभर भोगतो. म्हणून मिरचीच्या कामाआधी लेन्स लावून घ्यावी किंवा ते काम दुसऱ्याकडे द्यावे. सासूबाईंना कारणही मिळते. दुसरी मेहंदी. मेहंदीत आणि ती रंगावी म्हणून लावतात त्या नीलगिरीच्या तेलात बोटे असताना लेन्सला हात लावू नये. नव्या नवरीने तर लक्षातच ठेवावे. हात साध्या साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. ओढणीला पुसायचे नाहीत, तिचे तंतू बोटांना चिकटतात. कापूस वेचून किंवा जिनिंगवरून आलेल्या माणसाने तर तोंड-हात धुऊन, कपडे बदलून मगच डोळ्याकडे जावे.

काढलेली लेन्स तळहातावर द्रावणाचे थेंब टाकून बोटाने हलके चोळायची, पुन्हा द्रावणाने खळखळून डबीत ठेवायची. डबीतले कालचे द्रावण ओतून टाकायचे. त्यातच नवीन भर घालणे म्हणजे उष्ट्या पाण्यात चार थेंब ताजे पाणी घालण्यासारखे आहे. २००६ मध्ये अमेरिका, सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये लेन्सवाल्यांच्या डोळ्यांत बुरशीचा आजार पसरला आणि बॉश अँड लॉम्ब कंपनीला आपले रेन्यू मॉइश्चरलॉक हे द्रावण जगभरातून मागे घ्यावे लागले. त्या द्रावणात जंतुनाशक गुण टिकत नव्हता हे एक कारण निघालेच, पण जुन्या द्रावणात भर घालत राहण्याची लोकांची सवयही त्या चौकशीत पुढे आली. रिकामी डबी द्रावणाने धुऊन, उघडी, पालथी घालून सुकवायची आणि तीन महिन्यांनी बदलायची. डबी फार स्वस्त असते, आणि लोक तीच वर्षानुवर्षे वापरतात!

डोळा लाल झाला तर

लाल डोळा, दुखणे, उजेड सहन न होणे, सारखे पाणी येणे, अंधुक दिसणे. लेन्सवाल्या माणसाला यातले काहीही झाले की पहिले काम लेन्स काढणे आणि दुसरे काम त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणे. उद्या नाही. २०२४ च्या जुलैमध्ये अभिनेत्री जस्मिन भसीन हिने स्वतःच सांगितले होते की दिल्लीच्या एका कार्यक्रमासाठी लेन्स लावल्यावर डोळे दुखू लागले, पण कार्यक्रम पार पाडून मग ती डॉक्टरकडे गेली. कॉर्नियाला इजा झाली होती. मुंबई-दिल्लीतल्या माणसाचे हे, मग आपले काय!

मेडिकलवाल्याकडून थेंब आणू नयेत याचे कारण मला आता नीट कळले आहे. लाली लगेच उतरवणाऱ्या बऱ्याच थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने लाली कमी होते, कारण शरीराची जंतूंशी चाललेली लढाईच ते मंद करते. वरून डोळा बरा दिसतो आणि आत जंतू किंवा बुरशी मोकळी सुटते. आमच्याकडे गेलेले ते दोन दिवस असेच गेले. डोळ्यावर पट्टीही बांधू नये. उबेने जंतू वाढतात.

जाताना काढलेली लेन्स फेकून न देता डबी आणि द्रावणाच्या बाटलीसकट सोबत न्यावी. कोणता जंतू आहे हे त्यावरून कळू शकते. खामगावला सामान्य रुग्णालय आहे, अकोल्याला वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. एस.टी.चा प्रवास लांबचा आहे, उन्हाळ्यात तर जीव नकोसा होतो, पण तो त्याच दिवशी करायचा.

आम्ही तिसऱ्या दिवशी अकोल्याला पोहोचलो. दर तासाला थेंब, दिवसाही आणि रात्रीही. पहिले दोन दिवस आपा आणि मी आळीपाळीने मोबाइलचा गजर लावून बसलो. तीन आठवड्यांनी जखम भरली. बुबुळावर फूल पडलेच, पण अल्लाहचा फजल असा की ते कडेला आहे, अगदी मधोमध नाही. चष्म्याने तिला जवळजवळ पूर्वीसारखे दिसते. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा मात्र उजव्या डोळ्यात फाकतो, आणि तो तसाच राहील असे डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मलकापूरला कळवावे तर लागणारच होते. आपाची हिंमत होईना, म्हणून फोन मी केला. चष्म्याचे लपवले, हे मीच सांगितले. तिच्या सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. चष्मा तर मीही लावते. पोरीला कुणी काय म्हटलं असतं?" जावईबापू दुसऱ्याच दिवशी अकोल्याला आले. त्यांनी तिच्या पर्समधली द्रावणाची बाटली लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात पाहिली होती. "वाटलं, सांगेल आज ना उद्या. म्हणून मी विचारलं नाही," असे ते म्हणाले. हे ऐकून मला जास्तच वाईट वाटले. अकरा रात्री एकाच खोलीत दोघेही एकमेकांच्या संकोचापायी गप्प राहिले होते, आणि तो संकोच मी तिच्या दहेजात बांधून दिला होता.

आता ती घरात चष्माच लावते. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर लग्नकार्यापुरती, रोज फेकायची लेन्स वापरते आणि ईशाच्या वुजूआधी काढून टाकते. डबी आणि द्रावणाची भानगडच राहिली नाही. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, "खाला, माझ्या नणंदेला पाहायला लोक येणार आहेत. तिलाही चष्मा आहे, ती लेन्स मागतेय. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणाले, "बेटा, आधी तिला चष्म्याची चांगली फ्रेम घेऊन दे आणि ती लावूनच बसव. लेन्स घ्यायचीच असेल तर अकोल्याला डोळे तपासून, निकाहनंतर, सगळ्यांना सांगून घ्या."